वर येण्याआधी: नव्या डायव्हरने बोटींपासून स्वतःला कसे जपावे

पुण्यात स्कूबा शिकणाऱ्या माणसाची पहिली तालीम जलतरण तलावात होते. मास्कमध्ये शिरलेले पाणी बाहेर काढणे, तोंडातून निसटलेला रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारे साधन, शोधून पुन्हा लावणे, हवा संपल्यास बडीच्या, म्हणजे जोडीदाराच्या, टाकीतून श्वास घेत वर येणे, हे सगळे तिथे नीट शिकवले जाते. एक गोष्ट मात्र तलावात शिकवता येत नाही, कारण ती तिथे नसतेच, आणि ती म्हणजे डोक्यावरून जाणारी बोट. तलावात वर यायचे म्हणजे नुसते वर यायचे असते. फार तर सकाळच्या बॅचला पोहायला आलेल्या एखाद्या आजोबांच्या पायाला डोके लागेल. शुक्रवारी रात्रीच्या बसने निघून शनिवारी सकाळी मालवणला उतरणारा आणि दहाच्या सुमारास समुद्रात असणारा पुणेकर नेमकी हीच सवय सोबत घेऊन जातो.

मीही ती घेऊन गेलो होतो. समुद्रातल्या माझ्या चौथ्या डाइव्हला आम्ही तिघे वर आलो, मी मास्क कपाळावर सरकवला आणि समोर पंधरा-वीस हातांवर एका होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, दिसली. होडीवरचा एक मुलगा ओरडला, तांडेलाने सुकाणू फिरवले आणि होडी बाजूने निघून गेली. तिच्या लाटेचे पाणी मात्र तोंडात गेले. पुण्याला परतल्यावर बरेच दिवस मी ही गोष्ट ‘बेफिकीर बोटवाला’ या नावाने सांगत असे. नंतर एका जुन्या डायव्हरने शांतपणे दोन प्रश्न विचारले: तुमचा झेंडा कुठे होता, आणि तुम्ही एसएमबी सोडला होता का? पाण्याखाली माणसे आहेत हे सांगणारा झेंडा आमच्यापासून दीडशे मीटर मागे आमच्या बोटीवर होता आणि एसएमबी, म्हणजे डायव्हरची जागा दाखवणारा बोया, तिघांपैकी कोणाकडेच नव्हता. बेफिकिरी दोन्ही बाजूंना होती, आणि त्यातली निम्मी माझ्या हातात होती. हा लेख त्या निम्म्या भागाबद्दल आहे.

आधी हिशेब

वीस नॉट वेगाने जाणारी बोट म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटर. कर्वे रस्त्यावर दुचाकी मोकळी मिळाली तर जेवढी पळते, तेवढाच हा वेग. पण सेकंदाला तो १० मीटरहून थोडा अधिक पडतो. डायव्हरने वर येण्याचा सुरक्षित वेग साधारणपणे मिनिटाला ९ मीटर धरतात. म्हणजे पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्याआधीचा सुरक्षिततेचा थांबा, संपवून तुम्ही वर निघालात, तर पृष्ठभागावर पोचायला तेहेतीस-चौतीस सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात ती बोट जवळजवळ साडेतीनशे मीटर अंतर कापते. निघताना वर बोटीची सावलीही नव्हती, या गोष्टीला त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही. खालून वर पाहून ‘मोकळे आहे’ असे ठरवणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही.

बोट चालवणाऱ्याच्या बाजूनेही पाहावे. पाण्यावर तरंगणाऱ्या डायव्हरचे फक्त डोके, म्हणजे वीतभर काळा गोळा, वर असतो. अर्धा मीटर उंचीच्या लाटांमध्ये तो दिसतो, लपतो, पुन्हा दिसतो. लहान फायबर बोट वेग घेते तेव्हा तिची नाळ उचलली जाते आणि चालवणाऱ्याच्या समोरचा पाण्याचा पट्टा नाळेआड जातो. आपल्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट आहे, जी मला फार उशिरा लक्षात आली. समुद्र पश्चिमेला असल्यामुळे सकाळी किनाऱ्याकडे परतणाऱ्या प्रत्येक बोटीच्या डोळ्यांवर उगवतीचे ऊन असते, आणि पाण्यावरची चमक त्यात भर घालते. मासळी घेऊन लिलावासाठी परतणाऱ्या होड्यांची वेळ हीच आणि डाइव्हला उतरण्याची वेळही हीच. दुपारनंतर बाहेर जाणाऱ्या बोटींना तोच त्रास मावळतीच्या उन्हाचा होतो.

तिसरी अडचण कानाची. हवेत आवाज कोणत्या दिशेने आला हे मेंदू ओळखतो ते मुख्यतः दोन कानांवर तो किती पुढे-मागे पोचला त्यावरून. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो. त्यामुळे हा फरक इतका लहान होतो की इंजिनाची घरघर चारही बाजूंनी एकदमच येत असल्यासारखी वाटते. आवाज वाढतो आहे की कमी होतो आहे एवढे कळते. बोट कुठून येते आहे ते कळत नाही.

पुण्यातून निघण्याआधी

एसएमबी स्वतःचा घ्यावा. हा फुगवता येणारा, नारिंगी किंवा लाल रंगाचा लांबट बोया असतो, जो डायव्हर पाण्याखालून दोरीवर वर सोडतो. तो किमान सव्वा मीटर लांबीचा असावा. मी पावणेदोन-दोन मीटरचा वापरतो, कारण लाटांमध्ये उभा राहिलेला तेवढा बोया दुरून दिसतो आणि आखूड बोया आडवा पडला की तरंगणाऱ्या प्लॅस्टिकसारखा भासतो. सोबत दोरीची छोटी रीळ हवी, आणि दोरी निदान पंधरा मीटर असावी. एक शिट्टी जॅकेटला (तरंगण्यासाठी हवा भरता येते त्या डायव्हिंगच्या जॅकेटला) बांधून ठेवावी. दूरच्या बोटीचे लक्ष वेधायला लहान आरसा चालतो. घरात पडून असलेली जुनी सीडीही ते काम करते. जॅकेट, फिन्स आणि वेटसूट सगळे काळे घेण्याची फॅशन आहे, निदान टोपी तरी भडक असावी.

आता तालीम. एसएमबी खिशात असणे आणि तो सोडता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट तलावाच्या खोल टोकाला शिकता येते. इन्स्ट्रक्टरला शेवटचा अर्धा तास यासाठी मागावा. पाण्यात एका पातळीवर स्थिर राहून आधी वर पाहावे. मग बोया उलगडावा, रीळ मोकळी करावी आणि हात लांब करून ती शरीरापासून दूर धरावी. बोयात थोडी हवा सोडून तो सुटताना रीळ बोटांवर सैल फिरू द्यावी. रीळ जॅकेटला कधीही अडकवू नये. दोरी अडकली तर सुटलेला बोया माणसालाच वर ओढून नेतो, आणि असे झपाट्याने वर जाणे फुप्फुसांसाठी बोटीइतकेच घातक आहे. दोरी गुंतली की रीळ सोडून द्यावी. बोया नवा घेता येतो. पहिल्या चार-पाच वेळा बोया सोडताना तुम्ही स्वतःच दीड-दोन मीटर वर उचलले जाल. ते तलावात झालेले बरे.

दुसरा सराव गमतीचा आहे. चार जणांनी डोळे मिटून तळाशी बसावे आणि पाचव्याने कुठूनतरी पाण्यात धातूची वस्तू भिंतीवर ठोकावी. ज्या दिशेने आवाज आला असे वाटते तिकडे बोट दाखवायचे. आमच्या गटात चार बोटे चार दिशांना होती, आणि ठोकणारा पाचव्या. वर लिहिलेला कानाचा परिच्छेद त्या एका मिनिटात सगळ्यांना कळला.

खडकवासल्याच्या किंवा पानशेतच्या पाण्यात हा सराव करण्याची कल्पना दर हंगामात कोणाच्या तरी डोक्यात येते. ती तिथेच ठेवावी. धरणाच्या पाण्यात परवानगीशिवाय उतरू नये, आणि त्या गढूळ पाण्यात खालून वर पाहून काही दिसतही नाही.

बंदरावर

पावसाळा सोडला तर मालवण-तारकर्लीच्या पाण्यात एकाच वेळी बरेच काही चालू असते. सिंधुदुर्ग किल्ल्याला पर्यटक नेणाऱ्या होड्या, मच्छीमारांची ये-जा, आणि देवबाग-तारकर्लीच्या बाजूला जेट स्की, बनाना राइड, पॅरासेलिंग. १९८७ मध्ये घोषित झालेल्या सागरी अभयारण्याचा भागही याच पाण्यात आहे, पण अभयारण्य म्हटल्याने बोटी थांबत नाहीत. नाताळ आणि सलग सुट्ट्यांच्या दिवसांत गर्दी इतकी होते की शक्य असल्यास त्या तारखा टाळाव्यात, आणि टाळता येत नसतील तर दिवसाची पहिली डाइव्ह मागावी.

डाइव्ह नेणाऱ्या केंद्राला पैसे देण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात, आणि विचारताना संकोच करू नये. आम्ही खाली असताना बोटीवर कोण थांबणार, आणि त्याला बोट चालवता येते का? काही बोटींवर तांडेलच पर्यटकांना धरून पाण्यात उतरतो आणि वर एक पोरसवदा मदतनीस उरतो. अशा बोटीतून मी जात नाही. बोट नांगरलेली राहणार की आमच्या बुडबुड्यांमागे फिरणार? काही धोका दिसला तर आम्हाला खाली कसे कळवणार? यावर ‘इंजिन तीनदा गुरगुरवतो’ किंवा ‘शिडीवर ठोकतो’ असे ठरलेले उत्तर मिळाले, तर माणसे विचार करून काम करतात असे समजावे. प्राणवायूची टाकी आणि प्रथमोपचाराची पेटी डोळ्यांनी पाहावी. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. एखाद्या बोटीवरची व्यवस्था पुरेशी आहे का हे कळत नसेल, तर तिथल्या प्रशिक्षित लोकांशी बोलण्याचा उपयोग होतो.

मग झेंडा. पाण्याखाली माणसे आहेत हे सांगणारे दोन झेंडे प्रचलित आहेत. एक लाल, त्यावर कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारा पांढरा पट्टा. हा १९५०च्या दशकात अमेरिकेत सुरू झाला आणि हौशी डायव्हर अनेक देशांत तोच वापरतात. दुसरा निळा-पांढरा, टोकाला माशाच्या शेपटीसारखी खाच असलेला ‘अल्फा’. आंतरराष्ट्रीय संकेतसंहितेत त्याचा अर्थ ‘माझा पाणबुड्या खाली आहे, दूर राहा आणि सावकाश जा’ असा आहे. समुद्रातील टक्कर टाळण्याच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पाणबुड्यांचे काम चालू असलेल्या लहान बोटीवर या अल्फा झेंड्याची किमान एक मीटर उंचीची ताठ प्रतिकृती चारही बाजूंनी दिसेल अशी लावायची असते, आणि रात्री एकाखाली एक लाल, पांढरा, लाल असे तीन दिवे. त्याच नियमांत प्रत्येक बोटीने सतत पहारा ठेवावा आणि सुरक्षित वेगाने जावे, अशीही तरतूद आहे. बोट चालवणारा चुकतो तेव्हा तो बहुधा या दोन साध्या कलमांतच चुकतो.

झेंड्याबद्दल एका तांडेलाने मला जे सुनावले ते इथे लिहिण्यासारखे आहे. “झेंडो रोजच लटकलेलो आसता. पाण्यात माणूस आसा की नाय, आमका कसा कळतला?” त्याचे म्हणणे खरे होते. बंदरात बांधलेल्या बोटींवर, जेवायला थांबलेल्या बोटींवर तोच विटका झेंडा दिवसभर फडकत असतो, आणि जो झेंडा नेहमीच असतो त्याच्याकडे कोणी पाहत नाही. म्हणून पहिला डायव्हर पाण्यात उतरताना झेंडा चढवावा आणि शेवटचा वर आल्यावर उतरवावा. आपण ग्राहक असलो तरी ही गोष्ट आग्रहाने मागता येते. निघण्यापूर्वी शेजारच्या दोन-तीन होड्यांच्या तांडेलांना ‘आम्ही त्या खडकाच्या दक्षिणेला तासभर आहोत’ एवढे सांगून ठेवण्याचा उपयोग मात्र कोणत्याही झेंड्यापेक्षा जास्त होतो. लोक ऐकतात. समुद्रावर पोट असलेल्या माणसाला कोणाच्या अंगावर बोट घालायची नसते.

पाण्याखाली असताना

इथे सांगण्यासारखे थोडेच आहे: झेंड्यापासून लांब जाऊ नये. अंदाजासाठी अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याचा कायदा उपयोगी पडतो. तिथे खुल्या पाण्यात डायव्हरने झेंड्याच्या ३०० फुटांच्या आत राहण्याचा प्रयत्न करायचा असतो, आणि बोटींनी तेवढ्या टप्प्यात आल्यास अगदी संथ वेगाने जायचे असते; खाडीच्या तोंडाशी किंवा बोटींच्या वाटेवर हे अंतर १०० फूट आहे. आपल्याकडे मी स्वतःसाठी पन्नास मीटर धरतो. प्रवाह असेल तर आधी प्रवाहाविरुद्ध जावे आणि परतताना त्याच्या मदतीने बोटीकडे यावे. उलट केले, तर दमलेला आणि हवा संपत आलेला डायव्हर बोटीपासून दूर, वाहतुकीच्या मधोमध वर येतो. माझ्या त्या चौथ्या डाइव्हला हेच झाले होते.

वर येताना

शक्य असेल तेव्हा नांगराच्या दोराने वर यावे. थांबलेल्या बोटीच्या अंगावर दुसरी बोट सहसा येत नाही, त्यामुळे तिच्या शेजारचे पाणी हे सर्वांत सुरक्षित पाणी असते, आणि सेफ्टी स्टॉपला धरायला दोर मिळतो.

दोरापर्यंत पोचता येणार नसेल तर सेफ्टी स्टॉपच्या आधी, आठ-दहा मीटरवर असतानाच, बोया सोडावा. असे केल्याने तुम्ही पृष्ठभागावर येण्याच्या चार-पाच मिनिटे आधी तुमची जागा वर दिसू लागते. साडेतीनशे मीटरच्या हिशेबाला हेच उत्तर आहे: जी बोट अजून दिसतही नाही, तिला तुम्ही आधीच दिसलेले असता. दोरी ताठ ठेवावी, म्हणजे बोया उभा राहतो. गटात एकाने तरी बोया सोडावा आणि बाकीच्यांनी त्याच दोरीभोवती राहावे. चौघे चार ठिकाणी वर आले तर एका बोयाने चौघांचे रक्षण होत नाही.

स्टॉप चालू असताना बोलणे, खुणा, फोटो सगळे थांबवून कान द्यावा. इंजिनाचा आवाज वाढत असेल तर निघू नये. हवा पुरेशी असेल तर पाच मीटरवरच राहावे, तो आवाज टिपेला जाऊन कमी होऊ द्यावा आणि मग आणखी अर्धा मिनिट थांबावे, कारण एका बोटीमागे दुसरी असू शकते. यासाठीच पन्नास बार (बार म्हणजे टाकीतल्या हवेच्या दाबाचे माप) हवा शिल्लक ठेवून वर निघायचे असते. दहा बार उरलेल्या डायव्हरला थांबणे परवडत नाही. निघाल्यावर एक हात डोक्यावर, नजर वर, आणि स्वतःभोवती सावकाश एक पूर्ण गिरकी. डोके पाण्याबाहेर आले की आणखी एक गिरकी, या वेळी क्षितिजाकडे पाहत. मास्क डोळ्यांवर आणि रेग्युलेटर तोंडातच ठेवावा. जॅकेट फुगवून बोया उंच धरावा आणि आपल्या बोटीला खूण करावी.

एवढे करूनही एखादी बोट सरळ अंगावर येताना दिसली, तर बोया हलवावा, शिट्टी वाजवावी आणि तिच्या वाटेतून आडवे सरकावे. ती वळत नाही असे दिसले की शेवटचा उपाय म्हणून जॅकेटमधली हवा काढून खाली जावे. लहान बोटींचा पंखा (प्रोपेलर) पाण्याखाली मीटरभर असतो, त्यामुळे तीन मीटर खोली बहुधा पुरते. मोठ्या ट्रॉलरसाठी पुरत नाही. मास्क कपाळावर आणि रेग्युलेटर छातीवर लोंबत असेल तर हा उपाय उपलब्धच राहत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

बोटींना मनाई असलेल्या जागेतही ही शिस्त सोडू नये. ब्रिटिश गायिका कर्स्टी मॅकॉल १८ डिसेंबर २००० रोजी मेक्सिकोतल्या कोझुमेलजवळ आपल्या मुलांसोबत डाइव्ह करून वर आल्या, तेव्हा वेगात आलेल्या बोटीची धडक बसून त्यांचा मृत्यू झाला. मुलाला बाजूला ढकलताना त्या स्वतः बोटीच्या वाटेत आल्या. तो भाग अशा बोटींसाठी बंद होता.

बोटीत चढताना

आपलीच बोटही घातक ठरू शकते. न्यूट्रलमध्ये असलेल्या इंजिनाचा पंखा कधी कधी हळू फिरत राहतो आणि गिअर चुकून पडू शकतो, म्हणून डायव्हर शिडीजवळ येण्याआधी इंजिन पूर्ण बंद व्हायला हवे. ‘इंजिन बंद’ हे शब्द तांडेलाच्या तोंडून ऐकल्याखेरीज मागच्या बाजूला जाऊ नये. सगळे वर आल्यावर नावानिशी मोजणी व्हावी आणि त्यानंतरच इंजिन सुरू व्हावे. नवख्यांना घेऊन लागोपाठ फेऱ्या मारणाऱ्या बोटींवर ही मोजणी घाईत उरकली जाते; तिथे आपणच मोठ्याने मोजायला सुरुवात करावी.

काही घडलेच तर

पंख्याची जखम खोल असते आणि रक्त झपाट्याने जाते. जखमीला बोटीत घेऊन हाताशी असेल त्या स्वच्छ कापडाने जखमेवर थेट, जोराचा आणि न सोडता दाब द्यावा. हातापायातून येणारे रक्त दाबाने थांबत नसेल, तर जखमेच्या वरच्या बाजूला टूर्निकेट, म्हणजे रक्त रोखणारा आवळपट्टा, घट्ट बांधावे आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. प्राणवायू असेल तर द्यावा, माणसाला आडवे ठेवावे आणि अंग गरम राहील असे पाहावे. तटरक्षक दलाचा आणीबाणीचा क्रमांक १५५४ आहे, सर्वसाधारण आणीबाणीसाठी ११२. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ संच असेल तर सोळावे चॅनेल. डॉक्टरांना हा माणूस किती खोलीवर किती वेळ होता आणि वर किती वेगाने आला हे आवर्जून सांगावे, कारण जखमेसोबत फुप्फुसाला इजा झालेली असू शकते आणि ती बाहेरून दिसत नाही.

थोडक्यात वाचलात तरी नोंद करावी. मासेमारी बोटींवर ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो, तो, वेळ, जागा आणि तेव्हा झेंडा वर होता की नाही एवढे त्याच दिवशी लिहून बंदर कार्यालयात किंवा सागरी पोलिसांकडे द्यावे. नुसते ‘एक निळी होडी’ सांगून कोणाला काही करता येत नाही.

लॉगबुकात आपण खोली, वेळ आणि उरलेली हवा लिहितो. मी त्याखाली आणखी एक रकाना आखला आहे: वर आलो तेव्हा झेंडा किती मीटरवर होता. पहिल्या तीन डाइव्हसमोर तो रिकामा आहे, कारण मी पाहिलेच नव्हते. चौथ्यासमोर दीडशे लिहिले आहे, तेही नंतर, आठवून.